बी.ए. कुठे करावं: लाखांच्या खाजगी विद्यापीठात की हजारांच्या अनुदानित कॉलेजात?

बारावीनंतर आर्ट्सलाच जायचं हे एकदा घरात मान्य झालं की पुढचा पेच उभा राहतो. सोनिपतचं अशोका (२०१४) किंवा पुण्याचं फ्लेम (२०१५) इथे राहण्याचा खर्च धरून वर्षाला दहा लाखांच्या पुढे जातो. फर्ग्युसन, एस. पी., रुईया, कोल्हापूरचं राजाराम अशा ठिकाणी अनुदानित किंवा शासकीय बी.ए.ची वर्षाची फी साधारण पाच ते पंधरा हजारांत बसते. फरक काही पटींचा नाही, शंभर पटींच्या आसपासचा आहे. एवढा फरक असला की माणूस दोनपैकी एका गैरसमजात सापडतो: महाग आहे म्हणजे शिक्षण चांगलंच असणार, किंवा आर्ट्सला एवढे पैसे घालणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. दोन्ही चूक. खरी तुलना करायला आधी हे पाहावं लागतं की मानव्यविद्येत शिक्षण म्हणून नेमकं काय मिळतं.

तुमचं लिहिलेलं कोण वाचणार?

सायन्सला प्रयोगशाळा असते. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, समाजशास्त्र या विषयांची प्रयोगशाळा म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेलं पान आणि त्यावर शिक्षकाने मारलेले शेरे. वर्गातलं व्याख्यान उपयोगाचं असतं, पण चांगली व्याख्यानं आज घरबसल्याही ऐकता येतात. आपलं पान कोणीतरी बारकाईने वाचून परत देणं मात्र घरबसल्या मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं, ‘पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सगळ्यांची इनामं काढून घेतली.’ परीक्षेत या वाक्याला मार्क मिळून जातील. पण शिक्षकाने शेजारी लिहिलं, ‘सगळ्यांची? कशावरून? १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमलं ते सनदा तपासायला. ज्याला कागद दाखवता आला त्याचं काय झालं? ज्याचे कागद हरवले होते त्याचं काय?’ आता विद्यार्थ्याला परत वाचनालयात जावं लागतं. दुसऱ्या खर्ड्यात ते एक वाक्य दोन परिच्छेदांचं होतं, आणि कायदा, कागद आणि सत्ता यांचा संबंध त्याला पहिल्यांदा कळतो. तीन वर्षांत हे पंचवीस-तीस वेळा घडलं तर पदवी सार्थकी लागली. एकदाही घडलं नाही, तर कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, हाती फक्त गुणपत्रिका उरते.

हे घडायला शिक्षकाला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजता येतो. चार पानांचा निबंध नीट वाचून शेरे मारायला वीस मिनिटं धरा. वर्गात २४ मुलं असतील तर एका निबंधाला आठ तास लागतात. तुकडी १२० ची असेल तर तेच काम चाळीस तासांचं होतं. शिक्षकाच्या अंगावर असे तीन-चार वर्ग असतील तर कितीही तळमळीचा माणूस असला तरी त्याला ते जमणार नाही. खाजगी विद्यापीठ तुमच्याकडून लाखो रुपये घेतं ते मुख्यतः या चाळीसाचे आठ तास करण्यासाठी. इमारत, जेवण, पोहण्याचा तलाव हे सगळं त्यानंतर.

पण सरकारी-अनुदानित व्यवस्थेतही हे आठ तास सापडतात. प्रथम वर्षाची तुकडी १२० ची असली तरी तत्त्वज्ञान, संस्कृत किंवा कधीकधी इतिहास मेजर (मुख्य विषय) घेणारी मुलं वीसच्या आतबाहेर असतात. विभागात दोन कायम प्राध्यापक असले तर ही मुलं तीन वर्षांत त्यांच्या हाताखाली तयार होतात, तेही दहा-बारा हजारांत. म्हणून तुलना दोन संस्थांची करू नका, त्या दोन ठिकाणच्या तुमच्या विषयाच्या विभागांची करा. नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिची श्रेणी आख्ख्या संस्थेला मिळते. ए प्लस प्लस कॉलेजातला राज्यशास्त्र विभाग एका तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर चाललेला असू शकतो.

हे ओळखायचं कसं? कॉलेजच्या वेबसाइटवर आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) पानावर नॅकला दिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल असतो. त्यात दुसऱ्या निकषाखाली मंजूर पदं किती आणि पूर्णवेळ शिक्षक किती भरलेले आहेत, ही आकडेवारी द्यावी लागते. मग विभागाच्या पानावर जाऊन नावं मोजा. ज्यांच्या नावापुढे सीएचबी किंवा ‘तासिका तत्त्वावर’ लिहिलेलं आहे, त्यांच्या विद्वत्तेत काही खोट असते असं नाही. पण त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, नेमणुका बऱ्याचदा सत्र सुरू झाल्यावर होतात, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस असेल याची खात्री नसते. पोट भरायला दोन-तीन कॉलेजं करणाऱ्या माणसाकडून निबंध तपासून मागणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

सगळ्यात खात्रीची परीक्षा मात्र प्रत्यक्ष जाऊन करायची असते. तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गाठा आणि एवढंच विचारा: ‘मागच्या सेमिस्टरला शेरे मारून परत मिळालेलं तुमचं काही लिखाण दाखवता का?’ कोणी बॅगेतून कागद काढून दाखवेल, कोणी मोबाइलवर फाइल उघडेल, कोणी ‘इंटर्नलचे फक्त मार्क लागतात’ म्हणेल. हा प्रश्न खाजगी विद्यापीठातही विचारा. तिथे नामांकित प्राध्यापक वर्षाला एखाददुसराच कोर्स घेतात आणि पहिल्या वर्षाचे निबंध सहायक तपासतात, असंही होतं. सहायक चांगला असेल तर त्यात वाईट काही नाही, पण आपण कशाचे पैसे भरतोय ते आधी ठाऊक असावं.

‘सरकारी’ म्हणजे नेमकं काय

आपल्याकडची बहुतेक नावाजलेली आर्ट्स कॉलेजं सरकारी नाहीत, अनुदानित आहेत. संस्था खाजगी असते, मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. एल्फिन्स्टन किंवा राजाराम ही शासकीय. घोळ होतो तो असा, की एकाच इमारतीत अनुदानित बी.ए. आणि स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम शेजारी-शेजारी चालतात. मास मीडिया, सायकॉलॉजीची जादा तुकडी वगैरे बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि त्यांची फी कित्येक पट असते. अर्ज भरताना कोणत्या तुकडीचा भरतोय ते ऑफिसात विचारून घ्या, नंतर बदलून मिळणं कठीण.

स्वायत्त कॉलेज आपले पेपर आपण काढतं आणि आपण तपासतं, पदवी मात्र मूळ विद्यापीठाची मिळते. संलग्न कॉलेजात मोठा हिस्सा विद्यापीठाच्या परीक्षेचा असतो. उत्तरपत्रिका कोण तपासतं हे कळत नाही आणि आपलं कुठे चुकलं हेही कळत नाही. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर तिथे निभावतं, ते त्यामुळेच. आर्ट्ससाठी दोन्ही शक्य असतील तर स्वायत्त कॉलेज घ्यावं.

खाजगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन होतं. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ किंवा सिंबायोसिस यांच्यासारखी विद्यापीठं ‘अभिमत’ असतात. पदवी दोन्हींची वैध. नाव यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे याची मात्र खात्री करून घ्या.

पैशाचं गणित कागदावर मांडा

माहितीपत्रकात पहिल्या वर्षाची फी ठळक छापलेली असते. ती दरवर्षी वाढते का आणि किती, हे लेखी विचारा. वर्षाला दहा लाख खर्च आणि सहा टक्के वाढ धरली तर चार वर्षांचे चाळीस लाख होत नाहीत, ४३ लाख ७५ हजार होतात. प्रवास, लॅपटॉप, पुस्तकं आणि बरोबरीच्या मुलांसोबत राहण्याचा खर्च वेगळा. याउलट लातूरहून पुण्यात येऊन अनुदानित कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा खोली आणि मेस मिळून महिन्याला दहा हजार खर्च धरला, तरी फीसकट तीन वर्षांचा आकडा चार लाखांच्या आसपास थांबतो.

बहुतेक घरं इथे ‘कर्ज काढू’ म्हणतात. ते कसं वाढतं ते पाहा. समजा विद्यापीठाने निम्मी सवलत दिली आणि उरलेल्यासाठी दरवर्षी पाच लाख असं चार वर्षांत वीस लाखांचं शैक्षणिक कर्ज दहा टक्क्यांनी घेतलं. हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या उचलीपासूनच चढतं. साधं व्याज धरलं तरी पहिल्या पाच लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचं मिळून सात लाख होतात. म्हणजे परतफेड सुरू होताना कर्ज सत्तावीस लाखांचं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता ३५,७०० च्या आसपास, आणि एकूण भरणा जवळजवळ ४३ लाख. मानव्यविद्येचा पदवीधर पहिल्या काही वर्षांत पुढचं शिकत असतो किंवा पत्रकारिता, प्रकाशन, सामाजिक संस्था अशा ठिकाणी उमेदवारी करत असतो. हा हप्ता त्याला ते काहीच करू देत नाही. ज्या विषयासाठी कर्ज काढलं, तोच विषय हप्त्यापायी सोडावा लागतो.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: आर्ट्सच्या पहिल्या पदवीसाठी घर किंवा शेत तारण ठेवू नये. साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, तीच मर्यादा मनाशी धरून ठेवावी. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजसवलत मिळते. पण संस्था त्या योजनेच्या यादीत असावी लागते.

आर्थिक सवलतीचं पत्र हातात आलं की चार गोष्टी वाचा: सवलत शिकवणी फीवर आहे की वसतिगृह आणि जेवणावरही, फी वाढली की सवलत त्याच प्रमाणात वाढते का, दरवर्षी उत्पन्नाची कागदपत्रं पुन्हा द्यायची का, आणि मार्क घसरले तर ती काढून घेतात का. शिकवणी फी पूर्ण माफ आणि वसतिगृहाचे वर्षाला दोन-अडीच लाख अंगावर, अशी स्थिती अनेकांना पत्र नीट न वाचल्यामुळे उशिरा कळते. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात मूळ फी तुलनेने कमी आणि उत्पन्नानुसार सवलत मोठी असते. मध्यम उत्पन्नाच्या घरांनी ते नाव आधी तपासावं.

महाडीबीटीवरच्या राज्याच्या शिष्यवृत्त्या अनुदानित कॉलेजात सरळ लागू होतात. खाजगी विद्यापीठात तुमची योजना चालते का, ते प्रवेशाआधी विचारा. आणि ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ हा २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.ए.ला तो लागू होईल असं गृहीत धरून बजेट करू नका.

इंग्रजी, मराठी आणि गाव

खाजगी विद्यापीठात एका कोर्सला आठवड्याला पन्नास-शंभर पानांचं इंग्रजी वाचन सहज असतं, आणि असे चार-पाच कोर्स एकाच वेळी चालतात. मराठी माध्यमातल्या हुशार मुलांची पहिल्या सेमिस्टरला दमछाक होते, ती यामुळे. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. आधी घरी करून पाहा: समाजशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातली दहा पानं घ्या, घड्याळ लावून वाचा, आणि पुस्तक मिटून अर्धं पान सारांश लिहा. दीड तासात जमलं तर बाकीचं सवयीने येईल. चार तास लागले तर प्रवेशाआधीचे चार महिने रोज वाचन करा, आणि त्या विद्यापीठात लेखनासाठी मदत करणारं केंद्र आहे का ते विचारा.

याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. मराठी साहित्य, महाराष्ट्राचा इतिहास, संतवाङ्मय, पुरातत्त्व, संस्कृत यांत पुढे जायचं असेल तर नवी खाजगी विद्यापीठं फार तोकडी पडतात. पुण्यातल्या साध्या कॉलेजातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), भांडारकर संस्था (१९१७), डेक्कन कॉलेज, पेशवे दप्तर, जयकर ग्रंथालय हे सगळं सायकलच्या अंतरावर आहे. मुंबईत एशियाटिक सोसायटी (१८०४) आणि राज्याचं पुराभिलेखागार आहे. पहिल्या वर्षी मोडी शिकलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी मूळ कागद वाचू शकतो. ही गोष्ट सोनिपतच्या आवारात बसून होत नाही. अनुदानित कॉलेज घेणाऱ्याने निम्मं शिक्षण कॉलेजात आणि निम्मं शहरात असा हिशेब ठेवावा: रानडे इन्स्टिट्यूटमध्ये एक परदेशी भाषा, एका ग्रंथालयाचं सभासदत्व, आणि दर पंधरा दिवसांनी एक निबंध लिहून तो वाचणारा एक शिक्षक. शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःहून लिहून आणणारी मुलंच दुर्मिळ असतात.

गावातल्या कॉलेजात हे शहर नसतं, तिथे वीस मुलांचा विभागही अनेकदा रिकामा असतो. तशा वेळी जिल्ह्याबाहेर पडणं गरजेचं आहे. दिल्ली विद्यापीठाचा मार्ग इथे लक्षात ठेवावा. २०२२ पासून प्रवेश सीयूईटी या देशव्यापी प्रवेश परीक्षेवर होतो, बारावीच्या टक्क्यांवर नाही, म्हणून महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांचं नुकसान थांबलं आहे. फी बहुतेक कॉलेजांत वर्षाला दहा ते पंचवीस हजारांच्या आसपास. खरा खर्च राहण्याचा आहे, कारण वसतिगृहाच्या जागा थोड्या आहेत.

चार वर्षांचा नवा हिशेब

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स किंवा ऑनर्स विथ रिसर्च. रिसर्चसाठी पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, आणि विभागात पीएचडी मार्गदर्शक होण्यास पात्र असे किमान दोन कायम शिक्षक लागतात. म्हणून चौथं वर्ष तुमच्या विषयात तुमच्याच कॉलेजात असेल असं धरून चालू नका, प्रवेशालाच विचारा. मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) यांचंही तसंच आहे. यादीत वीस विषय दिसतात, वेळापत्रकात दोन उरतात. मागच्या वर्षीचं छापील वेळापत्रक मागा.

पैसे मर्यादित असलेल्यांसाठी एक वाट फार चांगली आहे: चांगल्या विभागात स्वस्तात तीन वर्षं बी.ए. आणि साठवलेली शक्ती एम.ए.वर. जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ, टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) इथे सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेने प्रवेश होतो. अशोकातच जायचं मन असेल तर पदवीनंतर एका वर्षाची यंग इंडिया फेलोशिप आहे. एका वर्षाचा खर्च चार वर्षांच्या खर्चापेक्षा पेलवतो, आणि एकविसाव्या वर्षी आपल्याला काय हवं ते अठराव्या वर्षापेक्षा जास्त कळलेलं असतं.

एमपीएससी, यूपीएससी करायचं पक्कं असेल तर कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी पुरते. फक्त त्यासाठी लाखो रुपये घालू नका. परदेशी एम.ए.चा विचार असेल तर उलट खाजगी विद्यापीठाचा फायदा खरा आहे: तुम्हाला नावानिशी ओळखून शिफारसपत्र लिहिणारे तीन शिक्षक आणि पंधरा-वीस पानांचा तयार शोधनिबंध. सार्वजनिक कॉलेजातून जाणाऱ्याने या दोन गोष्टी दुसऱ्या वर्षापासून जमवायला घ्याव्यात.

प्लेसमेंटचा आकडा कोणी पुढे केला तर सरासरी विचारू नका, मध्यक (पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला आकडा) विचारा, तोही विषयवार. नऊ जणांना पाच लाख आणि एकाला पस्तीस लाख मिळाले तर सरासरी आठ लाख निघते, पण दहातल्या एकालाही आठ लाख मिळालेले नसतात. तो पस्तीसवाला बहुधा अर्थशास्त्र किंवा कॉम्प्युटरचा असतो.

तारखांचा सापळा

खाजगी विद्यापीठांच्या फेऱ्या बारावीच्या वर्षात, परीक्षेच्या आधीच सुरू होतात. निबंध, प्रवेश चाचणी, मुलाखत असं सगळं असतं. जागा पक्की करायला पैसे मागतात तेव्हा बारावीचा निकालही लागलेला नसतो. स्थानिक कॉलेजांच्या गुणवत्ता याद्या निकालानंतर लागतात आणि दिल्लीच्या जागावाटपाला जुलै-ऑगस्ट उजाडतो. घाईत भरलेले पैसे बुडाले असं समजून बरीच घरं मन मारून तिथेच प्रवेश कायम करतात.

तसं करू नका. फी परताव्याचे यूजीसीचे नियम खाजगी विद्यापीठांनाही लागू आहेत. २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी किंवा त्यापूर्वी प्रवेश रद्द केला तर किरकोळ कपात करून पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५० आणि मग शून्य. शिवाय यूजीसी अनेकदा त्या-त्या वर्षासाठी वेगळ्या, जास्त सवलतीच्या तारखा जाहीर करते, त्या पाहा. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज ईमेलवर, तारखेसकट करा. फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही.

आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला दोन्हीकडचं चित्र स्पष्ट होईपर्यंत हातातच ठेवा. यूजीसीच्या नियमांप्रमाणे मूळ कागद पडताळून तिथल्या तिथे परत द्यायचे असतात. तरी स्थानिक कॉलेजं मूळ एलसी जमा करून घेतात. द्यावाच लागला तर पोच घ्या, आणि त्याआधी रंगीत स्कॅन व पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा.